मधल्या साड्या

नोकरीचा कागद हातात पडला त्या दिवशी घरात पेढे वाटले. सासऱ्यांनी पारावर जाऊन चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात "सून हपिसात लागली" असं सांगून टाकलं. आणि संध्याकाळी मी माझी पेटी उघडून बसले तेव्हा लक्षात आलं, की नेसून जायला माझ्याकडे साडीच नाही.

म्हणजे साड्या होत्या. लग्नातला शालू होता, जरीच्या काठापदराच्या दोन होत्या, आणि घरात नेसायच्या, धुऊन धुऊन विटलेल्या पाच-सहा. एक तर लग्नाला जावं, नाही तर शेणानं सारवायला बसावं. मधलं काहीच नव्हतं. आमच्या चुडावा गावात बाईला मधला दिवसच नसायचा. ती घरात-शेतात असायची, नाही तर कुणाच्या तरी कार्यात. ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. परभणीच्या एका सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर माझी नेमणूक झाली होती. गावातून रोज गाडीनं नोकरीला जाणारी मी पहिलीच सून. सासरे म्हणाले, "बघू दिवाळीपस्तोर. जमलं तर जमलं, न्हाई तर शेत हायच." मला ते शेत दिसत होतं, आणि मला त्यात परत जायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी सासूबाईंच्या आग्रहाखातर जरीची हिरवी साडी, हातभर बांगड्या आणि गजरा असा थाट करून गेले. दारातल्या शिपायानं मला आदरानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "पत्रिका टेबलावर ठिवा बाई, साहेब दौऱ्यावर हायेत. लगीन कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी रागानं घरातलीच साडी नेसून गेले. त्याच शिपायानं मला व्हरांड्यात अर्ज घेऊन बसलेल्या बायांकडे बोट दाखवलं. "तिकडं बसा रांगंत, नंबर आला की बोलवतो." मी मुळात तापट. म्हटलं, "दादा, काल लग्नाची पत्रिका घेऊन आलेली बाई आज रांगेत कशी काय बसल?" त्यानं उठून मला आत माझ्या टेबलापाशी नेलं. त्यानंतर मात्र मला ओळखण्यात त्याची कधी चूक झाली नाही.

कचेरीत आणखी दोघी होत्या, परभणीतच राहणाऱ्या. त्यांच्या साड्या मी चोरून बघायची. फार भारी नाहीत, पण चुरगळलेल्याही नाहीत. बारीक काठ, अंगभर एखादी बुट्टी. हातात दोन-दोन बांगड्या, मनगटावर घड्याळ, पदराला पिन. साधं, पण नीटनेटकं. नवरा म्हणाला, पगार झाला की घेऊ. पगार झाला आणि त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटार जळाली.

अशी साडी घरात कुठं आहे याचा विचार करता करता मला सासूबाईंची पेटी आठवली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या पेटीत आहेराच्या साड्या होत्या. आमच्याकडे लग्नात मिळालेली आहेराची साडी सहसा कुणी नेसत नाही. ती पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडते. एखादी साडी अख्खा जिल्हा फिरते. वालूरहून निघालेली पालमला जाते, तिथून आमच्याकडे येते, पण तिची घडी काही मोडत नाही. पेटी सांभाळणारीला एवढंच लक्षात ठेवावं लागतं, की कोणती कुणाकडून आली. ज्याची त्याला परत गेली तर पुढची दहा वर्षं बोलणी खावी लागतात. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्या पेटीतली एकेक साडी त्यांना तोंडपाठ होती.

आणि आहेराची साडी कशी असते? भारी नाही, हलकीही नाही. घेणारीनं नाव ठेवू नये आणि देणारीला जड जाऊ नये अशी. म्हणजे कचेरीची साडीच की! मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"आन लग्नायला मी काय देऊ? माझं कपाळ?"

दोन दिवस पेटीची किल्ली त्यांनी कमरेची सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक फिकी जांभळी साडी माझ्यापुढं ठेवली. "नेस. पण फॉल लावायचा न्हाई. पिको न्हाई. डाग पडला न्हाई पायजे. घरी आल्याबरुबर आहे त्याच घडीवर घडी घालून मला द्यायची. एक जरी डाग पडला तर पेटी बंद."

फॉल लावला की साडी कुणाची तरी झाली, मग ती देता येत नाही. फॉल नाही तोवर ती नवी, मग चार वेळा नेसलेली का असेना. हा आत्याबाईंचा कायदा होता आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

तर अशी माझी कचेरीच्या साड्यांची सोय झाली. पेटीतल्या सात-आठ साड्या आणि तीन ब्लाउज, एक काळा, एक पांढरा, एक मरून. त्या तिन्हींवर कोणतीही साडी खपून जायची. बांगड्या कमी केल्या, गजरा सोडला, एक साधी चामड्याची चप्पल घेतली. घरी आल्यावर तांब्यात निखारे घालून साडीवर फिरवायची आणि घडी आत्याबाईंच्या हातात द्यायची. त्या ती उजेडात धरून वर-खाली बघायच्या. शिपाई मला "मॅडम" म्हणायला लागला, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

पण फॉल नसलेली साडी पायात येते, आणि कोळशाच्या इंजिनाची गाडी खिडकीतून ठिणग्या आणि काजळी आत सोडते. मी डब्यात उभीच राहायची. कचेरीत खुर्चीच्या कडेवर बसायची, मांडीवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, अंथरून. शाईचा स्टॅम्प पॅड हातभर लांब ठेवायची. चहा घ्यायची नाही. त्या दोघी म्हणायच्या, "आमच्या बाई साखरेच्या हायेत, चहानं विरघळतात." मी हसून घ्यायची. दिवाळी जवळ आली होती आणि माझ्या अंगावर अजून एकही डाग नव्हता.

अशात आत्याबाई डोळे दाखवायला परभणीला आल्या. दवाखान्यातलं काम लवकर उरकलं, संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्या माझ्या टेबलाजवळच्या बाकड्यावर येऊन बसल्या. सगळ्यांनी त्यांची विचारपूस केली. शिपायानं त्यांना चहा दिला. मी नको म्हटलं, ते त्यांनी बघितलं.

थोड्या वेळानं खेड्यातली एक बाई अर्ज घेऊन आली. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं लेकरू. एका हातात बिस्कीट, ते लाळेत पार कालवलेलं. मी अर्ज वाचायला वाकले तर त्यानं हसत माझ्याकडे झेप घेतली. माझ्या तोंडून "अगं अगं!" निघालं आणि मी पदर ओढून खुर्चीसकट मागं सरले. लेकरू दचकून रडायला लागलं. ती बाई ओशाळली. "चुकलं बाई," म्हणाली आणि लेकराचा हात स्वतःच्या लुगड्याला पुसत राहिली. तिचं काम मी करून दिलं, पण जाताना तिनं माझ्याकडे वर पाहिलं नाही.

आत्याबाई बाकड्यावर तशाच बसून होत्या.

कचेरी सुटल्यावर आम्ही स्टेशनकडे निघालो. बाजारापर्यंत त्या माझ्यापुढं चार पावलं चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "साडी नेसायलीस का इस्तू? लेकरू हात लावायलं तर भाजल्यावानी मागं सरलीस."

"तुमीच सांगितलं ना आत्याबाई, डाग पडला तर..."

"मला ठावं हाय मी काय सांगितलं."

आणि त्या एकदम उजवीकडं वळल्या. बाजारात एक मॅचिंगचं दुकान होतं, त्याच्या पायऱ्या चढून गल्ल्यापुढं उभ्या राहिल्या.

"फॉल दाखव बाबा. एक जांभळा, फिका. एक मेंदीवानी हिरवा. एक कांद्याच्या सालीच्या रंगाचा."

माझ्या अंगावरची सोडली तर साड्या घरी पेटीत होत्या. आत्याबाई डोळे मिटून रंग सांगत होत्या, आणि दुकानदारानं एक पिवळा पुढं केला तर म्हणाल्या, "ह्यो हळदीचा झाला. मला हरबऱ्याच्या डाळीचा पायजे."

"आत्याबाई, फॉल लावले तर देता येणार नाहीत."

"आता गप बस."

फॉलांची चळत वाढत गेली. मी मोजत नव्हते, पण मी नेसायची त्या सगळ्या साड्या संपल्या हे मला कळलं. त्या थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. मग हळूच म्हणाल्या, "आन एक मोरपंखी."

मोरपंखी साडी त्यांनी मला कधी नेसू दिली नव्हती. ती त्यांच्या भावाच्या लेकीच्या लग्नासाठी होती, माहेरी मान राखायला. मला त्या दुकानातच रडू आलं. दुकानदाराला वाटलं, रंग जुळला नाही. तो बिचारा दुसरा गठ्ठा काढायला लागला.

"रडायलीस कामून?" आत्याबाई मला रागावल्या. "चल, गाडी जाईल."

आठवडाभर दुपारी ओसरीवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं, चष्मा लावून, सगळे फॉल लावले. टाके जरा मोठेच पडले होते. मोरपंखी साडी नेसून मी दिवाळीआधीच्या शेवटच्या दिवशी कचेरीत गेले. दिवाळी झाली, आणि शेताचं नाव कुणी काढलं नाही. पौषानंतर भावाच्या लेकीचं लग्न निघालं. आत्याबाई आहेराला नुसता खण-नारळ घेऊन माहेरी गेल्या आणि दोन दिवसांनी आल्या. तिथं त्यांना कोण काय बोललं, हे मी खोदून खोदून विचारलं, पण त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.