लोह्याच्या जिन्यातली बोलकी कुंडी

आमच्या कॉम्प्लेक्सच्या जिन्याला तीन वळणं आहेत आणि तिन्ही वळणांचे कोपरे लाल आहेत. मालकानं तो रंग दिलेला नाही, लोह्याच्या जनतेनं आपापल्या परीनं दिलेला आहे. त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं कोणी तोंडावर पाडायला नको. तळमजल्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसाला गुटख्याच्या चार पुड्या लागायच्या. सरकारनं पुडीवर बंदी घातली तेव्हा पुडी टपरीच्या फळीवरून फळीखाली गेली, बाकी आमचं काही अडलं नाही.

माझ्या शेजारचं दुकान सिंधुताईचं. ती शेतातल्या मोटारींचे मोबाईल स्टार्टर दुरुस्त करते. हे स्टार्टर म्हणजे सिमकार्ड घातलेला डबा. शेतकरी घरी बसून फोन लावतो, डबा मोटार चालू करतो आणि विहिरीचं पाणी संपलं की हिंदीत तसं कळवतो. माणसापेक्षा जास्त खरं बोलतो, फक्त विजा चमकल्या की मुका होतो. मग तो पिशवीत घालून लोक सिंधुताईकडं आणतात.

तिच्या माहेरी दर उन्हाळ्यात मोटार जळायची. बापाबरोबर ती वायंडिंगच्या दुकानात जाऊन बसायची आणि तांब्याची तार कशी गुंडाळतात ते बघत राहायची. बापानं शेवटी कंटाळून तिला नांदेडला आयटीआयला घातली. वर्गात ती एकटीच मुलगी होती. आज तिच्या दुकानाला नऊ वर्षं झाली, तरी नवा शेतकरी आला की तिच्या डोक्यावरून आत बघत विचारतो, मेस्त्री कुठं गेले? सिंधुताई म्हणते, बसा, येतीलच. आणि त्याच्यासमोर डबा उघडून कामाला लागते. डबा दुरुस्त होऊन हातात पडतो तेव्हा गड्याला कळतं की मेस्त्री कधीच येऊन गेले. ती हसत नाही. तिला हसताना मी एकदाच पाहिलंय आणि त्याला कारण मीच होतो.

जिना नागुबाई धुते. मागच्या उन्हाळ्यात तिनं सांगून टाकलं की हे रोजचं लाल धुणं आता तिच्यानं होत नाही, दुसरी बाई बघा. तेव्हा आम्हा दुकानदारांची बैठक झाली. बहुतेकांचं मत पडलं की कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवाव्यात. सगळीकडं तेच करतात. सिंधुताई म्हणाली की थुंकणारे तुम्ही आणि पहारा देवानं द्यायचा, हे काही बरं न्हाई. तिनं आपल्या घरून कुंड्या आणल्या. एका वळणावर क्रोटन, एकावर कोरफड, एकावर मनीप्लांट. हिरवं झाड दिसलं की माणसाला लाज वाटेल, असा तिचा हिशोब होता. नऊ वर्षं आमच्या शेजारी काढूनही ती आम्हाला ओळखत नव्हती. कोपरे स्वच्छ झाले, कुंड्या लाल झाल्या. झाडाच्या मुळाशी थुंकलं म्हणजे खत घातल्यासारखंच, असं मी स्वतः एकाला समजावून सांगितल्याचं मला आठवतं.

क्रोटनची पानं गळायला लागली तेव्हा सिंधुताई पेटली. एका निकामी स्टार्टरमधला बोर्ड तिनं काढला आणि बॅटरीवर जोडला. वायंडिंगची तार सोलून तिचे दोन पदर कुंडीच्या मातीवर जाळीसारखे पसरले, एकमेकांना लागणार नाहीत असे. वरून ओलं पडलं की दोन्ही पदर जोडले जाणार आणि बोर्ड जागा होणार. झाडाला पाणी घालायला तिनं बुड कापलेली बाटली मातीत उलटी खोचली, म्हणजे पाणी थेट मुळाशी जाईल आणि वरची माती कोरडी राहील. पहिल्या दिवशी मीच बळी पडलो. थुंकलो तर कुंडीतून बाई बोलली, "पानी समाप्त, मोटर बंद." मी दोन पायऱ्या उडालो. सिंधुताई हसली ती तेव्हाच.

जुना आवाज पुसून तिथं मराठी आवाज घालायचा ठरलं तेव्हा तो कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. तिचा नवरा दयानंद म्हणजे लोह्याचा आवाज. त्याचा भोंगा लावलेला ऑटो आहे. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, कुणाची दशक्रिया, सगळं दयानंद सांगणार. त्यानं निधनवार्ता सांगितली की मेलेला माणूस जिवंतपणी होता त्यापेक्षा मोठा वाटायचा. माळेगावच्या जत्रेत तर माइकवर तोच असायचा. अलीकडं वर्षभर मात्र तो जुनी रेकॉर्डिंग लावूनच फिरायचा. माइक धरून बोलायची पद्धत जुनी झाली, असं म्हणायचा. सिंधुताईनं त्याच्या पेटीतून तीन वर्षांपूर्वीच्या जत्रेचं मेमरी कार्ड काढलं आणि नेमका तुकडा कापला, "बंधू-भगिनींनो, नम्र विनंती आहे, या पवित्र परिसरात कुणीही थुंकू नये." आणखी दोन बोर्ड जोडून तो तिन्ही कुंड्यांत भरला.

झालं, हात दाखवून अवलक्षण. दयानंदचा आवाज इतका गोड, इतका खणखणीत की लोक तो ऐकायला थुंकू लागले. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे, तिथली पोरं मधल्या सुट्टीत रांग लावायची. खेड्यावरून स्टार्टर घेऊन आलेला पाहुणा आपल्या सोबत्याला म्हणायचा, चल, तुला बोलती कुंडी दाखवतो. ज्यांनी आयुष्यात पुडी खाल्ली नव्हती ते साधं थुंकून बघायचे. नागुबाईनं झाडू ठेवून दिला.

सिंधुताई गप्प बसणारी नव्हतीच. तिनं त्याच बोर्डांत सिमं घातली. आता कुंडी बोलायची आणि त्याच वेळी तिच्या मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायची. फोन वाजला की ही पकड हातात घेऊन जिन्यात हजर. काही बोलायची नाही, नुसती उभी राहायची. आठ दिवसांत मी मी म्हणणारे पुड्याबहाद्दर बाहेर नालीवर जाऊन थुंकायला लागले. मीही गेलो. जिना कोरडा झाला, क्रोटनला नवं पान फुटलं आणि नागुबाईनं झाडू परत उचलला. तिथंच सगळं संपलं असतं तर हे सांगायची गरज पडली नसती.

राहिली होती गच्चीच्या दारापाशी ठेवलेली चौथी कुंडी. कोमेजलेलं झाड सिंधुताई बरं व्हायला तिथं नेऊन ठेवायची. त्या कुंडीला तारा नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या कुंडीतलं शेवंतीचं रोपही करपायला लागलं. तेव्हा एका सकाळी, कुणालाही न सांगता, तिनं तिथंही बोर्ड बसवला.

त्याच दुपारी मी गच्चीवर निघालो होतो. उन्हात नालीपर्यंत कोण जाईल? तोंड भरलेलं होतं. वर पोचलो तर दयानंद कुंडीवर वाकलेला. त्याचंही तोंड भरलेलं. त्यानं तीन वर्षांपूर्वी सिंधुताईच्या डोक्यावर हात ठेवून पुडी सोडली होती, हे साऱ्या लोह्याला माहीत होतं, कारण त्यानं ते भोंग्यावरून सांगितलं होतं. दोन चोर एकमेकांकडं बघतात तसं आम्ही बघितलं. मग त्याला राहवेना, तो थुंकला. आणि कुंडीतून दयानंदच बोलला, "बंधू-भगिनींनो, नम्र विनंती आहे."

मला हसू फुटलं. भरल्या तोंडानं हसणं सोपं नसतं, मी भिंतीला धरून उभा राहिलो. पण दयानंद हसत नव्हता. तो कुंडीकडं असा बघत होता की जणू तिथून कोणी ओळखीचा माणूस उठून गेलाय. खालून चपलांचा आवाज आला. सिंधुताई वर आली, हातात पकड. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग मातीवरच्या लाल डागाकडं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हेच म्हणून दाखवा," ती म्हणाली. "कुंडी जे बोलली तेच. बस, एवढंच."

दयानंदनं हातानं नको नको केलं. ती हलली नाही. मग त्यानं तोंड पुसलं आणि म्हणायला गेला. जबडा उघडेचना. दातांच्या फटीतून काहीतरी आलं, 'बंधू' आहे हे मला माहीत होतं म्हणून कळलं. 'भगिनींनो' तर घशातच राहिलं. त्यानं पुन्हा जोर केला आणि त्याचे डोळे भरून आले. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. वर्षभर तो जुनी रेकॉर्डिंग का लावतो, तिखट का सोडलं, भाकरी दुधात कुस्करून का खातो, हे सगळं त्या एका क्षणात तिला कळलं, तसं मलाही कळलं. तो तिला दाढ दुखते म्हणून सांगत आला होता. बिघडलेला डबा उघडल्याबरोबर दोष सांगणारी ही बाई, घरातला दोष तिला वर्षभर दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नंतर ती मला म्हणाली की नवऱ्यापेक्षा तिला स्वतःचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिनं त्याला नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं सांगितलं, पुडीनं जबडा आखडत जातो, आपली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात गेली पाहिजेत. दयानंदची दोनच गेली, तीही ओढून ताणून. तपासायला गालाच्या आतला तुकडा घेतला. आठ दिवस सिंधुताईनं ज्या डब्याला हात लावला तो बिघडला. तुकड्यात वाईट काही निघालं नाही. पण गेलं ते सगळं परत येईल याची खात्री नाही, आज सोडलं तर आहे ते राहील आणि थोडं सुटेल, असं डॉक्टर म्हणाला. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून बसायचं आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची, असा व्यायाम दिला. लोह्याचा आवाज दुकानाच्या स्टुलावर काड्या चावत बसायला लागला. मी चेष्टा करायचो, काड्या मिळाल्या, आइस्क्रीम कोणी खाल्लं? तो मान हलवायचा. हसायलाही तोंड लागतं.

पंधरा दिवसांनी त्यानं काड्या काढून सिंधुताईला सांगितलं की कुंड्यांतला तो आवाज पुसून टाक आणि आताचा भर. ती नाही म्हणाली. लोक हसतील, त्याच्या नावानं पोरं तोंड वेडंवाकडं करतील, याची तिला भीती होती. नवऱ्याचा तो माळेगावचा आवाज कुंडीत का होईना शिल्लक राहावा, असंही तिला वाटत असावं. मी मध्ये बसलो होतो, उठून जावं की नाही कळेना.

दयानंद एकेक शब्द फोडत म्हणाला, "तो ऐकून एकानंबी सोडली न्हाई. मीबी न्हाई सोडली. ह्यो ऐकू दे."

मग तिनं मोबाईल त्याच्या तोंडापाशी धरला. धंदेवाईक माणूस तो, पुन्हा एकदा घेऊ, नीट घेऊ म्हणत होता. तिनं पहिलंच ठेवलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी जित्याची खोड. दोन दिवसांनी वीज गेली, मशीन बंद पडली, दुकानात बसून करायचं काय? मी पुडी फोडली आणि चघळत चघळत जिन्यात गेलो. पाय आपोआप पहिल्या वळणावर थांबले. क्रोटन छान तरारलं होतं. मी थुंकलो.

कुंडी बोलली. आधी श्वास ओढल्याचा आवाज आला. मग, "मी दयानंद." एवढं समजलं. पुढं शब्द नव्हते, गुरगुर होती, मध्ये 'दोन बोटं' असं काहीसं, मध्ये 'खणखणीत' म्हणायचा प्रयत्न असावा, आणि शेवटी एक लांबलचक काहीतरी, जे त्यानं फार जीव लावून म्हटलं होतं. मला ते कळलं नाही. त्यानं नेमकं काय सांगितलं ते कळायला पुन्हा एकदा थुंकावं लागलं असतं. तोंडात माल होता, समोर कुंडी होती, जिन्यात कुणी नव्हतं. आणि माझ्यानं थुंकवेना.

खालून चपला वाजायची मी वाट बघितली, कोणी आलं नाही. नालीवर गेलो, तोंड मोकळं केलं, तीन चुळा भरल्या. दुकानात येऊन झेरॉक्स मशीनच्या काचेवर वाकलो, तोंड उघडलं आणि बोटं एकावर एक धरून आत घालून बघितली. मग पुन्हा बघितली. काचेत माझा चेहरा फार काही शहाण्या माणसाचा दिसत नव्हता.

सिंधुताई डबा उघडून बसली होती. शेजारी दयानंद काड्या धरून. तिचा फोन तिच्यापुढंच पडला होता, त्यावर मिस्ड कॉल तसाच दिसत होता. ती उठून आली नव्हती. मी विचारलं, नांदेडच्या त्या डॉक्टरचा नंबर हाय का?

तिनं मान वर न करता विचारलं, "किती बोटं, निवृत्तीभाऊ?"

मी म्हटलं, "अडीच."

तिनं पकड खाली ठेवली आणि नंबर लिहून द्यायला कागद शोधायला लागली.