शुद्ध मेसेजची धास्ती

चुकीचं लिहिलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. स्वभावच तो, त्याला औषध नाही. नांदेडला असताना मैत्रिणी माझ्यासोबत बाजारात यायचं टाळायच्या, कारण एखादी पाटी चुकलेली दिसली की मी स्कूटी थांबवून आत सांगायला जायचे. एका चप्पल शिवणाऱ्यानं मला शांतपणे विचारलं होतं, "पाटी चुकली म्हणून टाके उसवले का, ताई?" टाके काही उसवले नव्हते. तरी मी त्याला पाटी पुसायला लावलीच.

लातूरजवळच्या औशाचं स्थळ आलं तेव्हा बायोडाट्यात 'निर्व्यसनी' हा शब्द 'निरव्यसनी' असा छापलेला होता. मी आईला म्हटलं, ज्यांना शब्द नीट लिहिता येत नाही त्यांच्या गुणांचं काय खरं मानायचं? आई म्हणाली, "तुला नवरा पाहिजे का व्याकरणाचं पुस्तक?" मुलगा चांगला निघाला. तो रोज सकाळच्या बसनं लातूरला नोकरीला जायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. दिवसभर घरात मी एकटी, आणि औशाच्या मेन रोडवर सासऱ्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. दुकानावर पाटी होती, 'कृशी सेवा केंद्र'. माझा नवरा जन्मला तेव्हापासून ती तशीच लटकत होती.

सासऱ्यांना सगळा तालुका अप्पा म्हणतो. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असा, आणि नाकावर माशी बसू देणार नाहीत असा ताठा. मला दुकानात बसायचं होतं. एम.ए. करून भिंतींकडे बघत दिवस काढणं माझ्यानं होत नव्हतं. भावकीत कुजबुज झाली. औषधाच्या दुकानात, गड्यामाणसांत सून बसवणार का, असं अप्पांना कुणी तोंडावरही विचारलं. अप्पा मला म्हणाले, "तूर निघेपर्यंत बसून बघ. जमलं तर बस, न्हाई तर घर हायच." आणि दुकानाचा मोबाईल माझ्या हातात दिला.

त्या मोबाईलवर आसपासच्या गावांतले शेतकरी जोडलेले होते. अप्पा त्यांना मेसेज पाठवायचे, एका बोटानं, जीभ दातांत धरून. जुने मेसेज मी वर सरकवत सरकवत वाचले आणि कपाळाला हात लावला. एक अजून पाठ आहे: "राम राम मंडळी आभाळ आलय तूरीवर आळी पडनार ऊद्या सकाळी झाडाखाली पोत टाकुन झाड हालवा आळ्या दीसल्या तर या ऊगच औशध मारु नका मी हाय". ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. ज्याचा धंदाच औषधाचा, त्यानं औषध हा शब्दसुद्धा धड लिहू नये! उगीच फवारू नका असं औषध विकणारा माणूस सांगतोय, हे काही तेव्हा माझ्या डोळ्यांत भरलं नाही. मला फक्त ते 'औशध' दिसत होतं.

पुन्हा आभाळ आलं. तूर फुलावर होती. या वेळी मेसेज मी लिहिला: "सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की, ढगाळ हवामानामुळे तूर पिकावर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता आहे. तरी आवश्यक त्या औषधांसाठी आमच्या केंद्राशी त्वरित संपर्क साधावा." चारदा वाचला. वेलांटी, मात्रा, विरामचिन्हं, सगळं जागच्या जागी. मला फार समाधान वाटलं, ते मी कशाला लपवू? अप्पांनी चष्मा लावून वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "लई भारी. पाठव."

त्यानंतर दुकानात शुकशुकाट झाला. अप्पांचा मेसेज गेला की फोन खणखणायचा, फोटो यायचे, माणसं यायची. माझ्या मेसेजवर एक अंगठासुद्धा आला नाही. मला वाटलं, इंटरनेट गेलं असेल. दुसऱ्या दिवशी तसलाच आणखी एक पाठवला, आधीच्यापेक्षा जास्त शुद्ध. समोरच्या दुकानात गर्दी होती आणि आमच्याकडे अप्पा फडक्यानं काउंटर पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. त्यांनी एखादा शब्द टाकला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी जवळच्याच गावातली एक बाई आली. स्वतःची तूर स्वतः बघणारी, अप्पांची जुनी गिऱ्हाईक. दारातूनच तिनं विचारलं, "अप्पा, बरे हाव ना तुम्ही?"

"मला काय धाड भरली?" अप्पा म्हणाले.

"तसं न्हाई. मेसेज येऊन राहिलेत, पर ते तुमचे वाटंनात. गावात लोक म्हणून राहिले, दुकान कंपनीनं घेतलं, अप्पाला घरी बसवलं. आमचा पोरगा तर म्हणला, आई, असा शुद्ध मेसेज आला की बोट लावायचं न्हाई. 'त्वरित संपर्क साधावा' म्हणलं की वळखायचं, फसवनारा हाय. खात्यातलं सगळं जातंय."

ती बोलतच होती. "अन् त्यात 'बांधवांना' लिवलं व्हतं. म्या म्हणलं, गड्यांचं कायतरी असंल. आज झाड हालवलं तर ह्या एवढाल्या अळ्या पडल्या. दोन दिसाआधी आले असते तर बरं झालं असतं. कोण लिहून राहिलं हो ते?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तर त्यांनी मला देऊ दिलं. मी म्हटलं, "मी लिहिले."

"तुम्ही?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चांगलं हाय की. पर आम्हाला भेव वाटलं."

अप्पांनी तिच्या अळ्या पाहिल्या, फुलं किती, शेंगा किती भरल्या ते विचारलं, औषध दिलं, फवारणीच्या पंपाला किती टाकायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ती गेली. मी आत खताच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहिले. औषधांच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं हे किती सोयीचं असतं, ते त्या दिवशी कळलं. माझं शुद्ध लिहिणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिच्या तुरीतले ते दोन दिवस गेले होते ते माझ्यामुळे. आता माझी खुर्चीही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तोंड धुऊन बाहेर आले आणि मोबाईल अप्पांपुढे ठेवला. "तुम्हीच लिहीत जा, अप्पा. मी उद्यापासून घरी थांबते."

त्यांनी मोबाईल घेतला. चष्मा लावला, जीभ दातांत धरली आणि लिहायला लागले. इतक्या सहज परत घेतील असं वाटलं नव्हतं. बराच वेळ ते एक बोट अक्षरं शोधत फिरत राहिलं. मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला.

"राम राम मंडळी मी धडधाकट हाय दूकान माझच हाय मेसेज माझी सुन लीहीते ती नांदेडची हाय लई शीकलेली हाय तीच लीहीलेल बरोबर आसत माझ चूकत आजवर तूम्ही चालवुन घेतल आता तीचा मेसेज म्हंजे माझाच समजा".

मी वाचलं आणि सवयीनं, खरंच निव्वळ सवयीनं, बोट पुढे केलं. "दुरुस्त करू?"

अप्पांनी मोबाईल झटकन मागे ओढला. "खुळी हाईस का? दुरुस्त केलंस तर लोक म्हणतील, हेबी तूच लिहिलं!" आणि पाठवून मोकळे झाले.

अप्पांना मी 'माझं चुकलं' असं म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हिशेबात नाही, भावकीत नाही, स्वतःच्या मुलापुढेही नाही. त्या माणसानं सगळ्या तालुक्याला, चारचौघांत, न लाजता कळवून टाकलं की मला लिहिता येत नाही, माझ्या सुनेला येतं. मला त्यांच्याबद्दल इतकं भरून आलं की पोत्यांमागे जायलाही सुचलं नाही. शुद्धलेखनाचे नियम मी पाठ केले होते. पण लिहिलेल्याच्या मागे माणूस असा उभा राहतो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

अजूनही दुकानाचे मेसेज मीच लिहिते. सुरुवात 'राम राम मंडळी' अशीच असते, 'बांधव' मी काढून टाकले, आणि वेलांटी मात्र एकही चुकू देत नाही. माझं हे खूळ अप्पांना आवडतं. कुणी आलं की ते मोबाईल पुढे करून सांगतात, "बघा, टिंब टिंब जागेवर हाय."

त्या दुपारी मात्र आम्ही दोघं मोबाईलकडे बघत बसलो होतो. आधी एक अंगठा आला. मग दुसरा. मग कुणीतरी बोलून पाठवलं, "अप्पा, सूनबाईंना आमचा राम राम सांगा." नंतर तर फोनच वाजायला लागला. अप्पांनी तो उचलला नाही, माझ्याकडे सरकवला. दुकान उघडं असताना गल्ला सोडून ते कधी जेवायला गेलेले मी पाहिले नव्हते. डबा तिथेच, औषधांच्या खोक्यांवर उघडायचे. त्यांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या.

"मी घरी जेवून येतो," म्हणाले. "घाई न्हाई मला."

आणि मागे न बघता निघून गेले. मी फोन उचलला.