हुस्नाबी माणूस असल्याबाबत

नंदकिशोर पांढरीपांडे यांनी सरकारी नोकरीतलं उभं आयुष्य 'सादर' या एका शब्दावर काढलं. आदेशार्थ सादर, अवलोकनार्थ सादर, माहितीस्तव सादर. फाइल खालून आली की तिच्यावर सुबक अक्षरात दोन ओळी लिहायच्या, शेवटी 'सादर' म्हणायचं आणि वर सरकवून द्यायची. ठरवायचं काम वरच्याचं. वरचा कोणाकडे सरकवायचा हे पांढरीपांडे साहेबांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांची झोप कधी मोडली नाही.

रिटायर झाल्यावर ते नेरला आमच्या कंपनीत आले. कंपनी म्हणजे खेमसिंग राठोड. खेमसिंगभाऊंनी आधी गावाला केबल टीव्ही दिला, मग त्याच तारेवर इंटरनेट दिलं, मग इंटरनेटवर घरोघरी फोन दिले. फोन दिले तशी दिल्लीहून पत्रं यायला लागली. मशीन आपोआप नंबर लावते आणि तुम्हाला कर्ज घ्या, प्लॉट घ्या, तुमचं खातं बंद पडून राह्यलं असं काहीबाही ऐकवते; असे फोन आपल्या तारेवरून जाऊ नयेत म्हणून कंपनी काय करते ते स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवा, नाहीतर बाकीच्या कंपन्या तुमच्याकडून आलेले फोन घेणार नाहीत.

"स्वतःच्या शब्दात म्हणते," खेमसिंगभाऊ पत्र उलटसुलट करत म्हणाले. "माह्या शब्दात लिहिलं तर मले आत टाकतीन."

म्हणून पांढरीपांडे साहेब. मी त्या कंपनीत तारा जोडतो, बिलं काढतो आणि साहेबांनी लिहिलेलं टाइप करतो. तारेसाठी खांबावर चढावं लागतं, पण तिन्हींत अवघड काम शेवटचंच.

बाकीच्या लहान कंपन्यांनी हे निवेदन एकमेकींचं पाहून लिहिलं. एकीच्या निवेदनात तर दुसरीचंच नाव राहून गेलं होतं, असं ऐकतो. साहेबांना ते मानवण्यासारखं नव्हतं. त्यांनी महिनाभर कलमं पाडली. त्यातलं एक असं, की एखाद्या ग्राहकाच्या फोनवरून लागोपाठ, भराभर, सारख्याच लांबीचे कॉल जाऊ लागले तर संगणक तो नंबर लाल करील. बाहेर जाणारे कॉल बंद होतील, आणि ग्राहक माणूस असल्याचा खुलासा दिल्लीत मंजूर होईपर्यंत बंदच राहतील. पुढचं कलम असं, की दरम्यानच्या काळात ग्राहकाची निकड कंपनी आपल्या पातळीवर भागवील. हे मात्र कोणी मागितलंच नव्हतं.

"पान अर्धं रिकामं दिसत होतं," साहेब म्हणाले.

दिल्लीनं निवेदन मंजूर केलं. खेमसिंगभाऊंनी पेढे आणले. आणि संगणकानं पहिलाच जो नंबर लाल केला, तो हुस्नाबीचा निघाला.

हुस्नाबी म्हणजे अफरोज वेल्डिंगवाल्याची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. धाकट्या रुबीनाचं लग्न रविवारवर आलं होतं आणि घरचा न्योता, म्हणजे पाहुण्यांना बोलावणं, बाईनं स्वतःच्या अंगावर घेतला होता. पत्रिका छापल्या होत्या, पण त्यांच्यात पत्रिकेला कोणी विचारत नाही. घरच्या मोठ्या माणसानं घरच्या फोनवरून बोलावलं पाहिजे. अफरोजनं आपल्या मोबाइलवरून लावतो म्हटलं, तर "पोट्ट्यानं बोलावलं असं म्हणतीन लोक" असं म्हणून तिनं त्याला वेल्डिंगला परत धाडलं.

बोलावण्याची तिची रीतही ठरलेली. मोठ्या पोरीच्या लग्नात एका नणंदेशी ती जरा जास्त बोलली आणि दुसरीनं ते कुठून तरी ऐकलं, तेव्हापासून सगळ्यांना एकच वाक्य: "अस्सलामु अलैकुम, हुस्नाबी बोल रई नेर से, रुबीना की शादी है इतवार को, सबको लेके आना, रखती." ना एक शब्द जास्त, ना एक शब्द कमी. पलीकडच्यानं तब्येत विचारायच्या आत फोन ठेवलेला. सगळे नंबर तोंडपाठ. नेर आणि दारव्ह्याकडचे तिनं सकाळच्या एका बैठकीत संपवले, मारेगावकडे वळली आणि फोन गप्प झाला.

संगणकाची काही चूक नव्हती. इतकी शिस्तीची मशीन त्यानंही कधी पाहिली नसेल.

गुरुवारी सकाळी आम्ही खुलासा घ्यायला तिच्या घरी गेलो. साहेबांनी मसुदा आणला होता. मी, हुस्नाबी, राहणार नेर, लिहून देते की मी मशीन नसून माणूस आहे. बाईनं तो अफरोजकडून दोनदा वाचून घेतला.

"पांडेसाब, हे मी कायले लिहून देऊ?"

"नियम आहे, हुस्नाबी."

"समोर बसली आहो ना मी. दिसून नाही राह्यली काय?"

"मला दिसता. दिल्लीला दिसत नाही."

"तं दिल्लीले चष्मा लावाले सांगा." तिनं कागद परत केला. मग आवाज खाली आणला. "साब, मारेगावकडचे सारे राह्यले. त्यांचं एक वेळ समजावता येते. मुकुटबनचा रहमत राह्यला. माह्या मालकाचा भाऊ. निकाहात रुबीनाची कबुली घ्याले तिच्याकडून वकील म्हणून तोच उभा राह्यचा. त्याले न्योता नाही गेला तं तो येत नाही, आन् तो नाही आला तं मी कोणाले उभं करू?"

"कागद दिलात की लगेच दिल्लीला सादर करतो."

"मंग किती दिवस?"

साहेबांनी हिशेब केला. तेवढ्या कामकाजाच्या दिवसांत रुबीना सासरी जाऊन माहेरपणाला परत आली असती. बाईनं सही केली. साहेब फाइल बंद करू लागले, तेवढ्यात अफरोजनं माझ्याकडून कळलेलं कलम काढलं.

"साहेब, तुमच्या त्या कागदात निकड भागवू म्हणून लिहिलं ना तुम्ही? भागवा मंग."

खेमसिंगभाऊंना फोन लावला. ते पलीकडून एवढंच म्हणाले, "पान तुम्ही भरलं साहेब, आता निकडही तुम्हीच भरा."

परक्या फोनवर आपण तोंड उघडणार नाही, असं बाईनं बजावलं, तर अशी व्यवस्था झाली. हुस्नाबी नंबर सांगणार, साहेब कंपनीच्या मोबाइलवरून लावणार आणि तिच्या वतीनं न्योता देणार. ती आपल्या बंद फोनशेजारी पाटावर बसली, साहेब समोर खुर्चीवर. त्यांनी घसा साफ केला.

"नमस्कार. मी नेर येथून श्रीमती हुस्नाबी यांच्या वतीने बोलत आहे. त्यांची कन्या रुबीना हिचा विवाह येत्या रविवारी नियोजित आहे. तरी सहकुटुंब उपस्थित राहण्याची कृपा करावी."

 पलीकडून फोन कट.

दुसऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओटीपी चाहिये क्या?" तिसरी बाई म्हणाली की आमच्या गावात तुमच्यासारख्या एकाला पोलिसांनी परवाच नेलं. चौथ्यानं साहेबांना त्यांच्या आईबद्दल काही सांगितलं. साहेबांनी मोबाइल कानापासून दूर धरून तो तसाच सभ्यपणे बंद केला.

"काय म्हणाला?" हुस्नाबीनं विचारलं.

"नोंद घेतो म्हणाला."

तेवढ्यात बाईचा बंद फोन वाजला. बंद होते ते बाहेर जाणारे कॉल; येणाऱ्यांबद्दल साहेबांनी कलम पाडलं नव्हतं. मारेगावची नणंद होती, घाबरलेली. भाभी, संभल के, कोई आदमी तुम्हारे नाम से फोन लगा रहा, शादी-वादी बोल रहा. हुस्नाबीनं तिला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. "अस्सलामु अलैकुम, हुस्नाबी बोल रई नेर से, रुबीना की शादी है इतवार को, सबको लेके आना, रखती."

फोन ठेवते तो दुसरा. मग तिसरा, तो पोलिसांचं सांगणाऱ्या बाईचा. साहेब ज्याला ज्याला फोन लावत होते, तो तो त्यांना चोर समजून बाईला सावध करायला फोन करत होता, आणि न्योता घेऊन बसत होता.

"साब, थांबू नका," हुस्नाबी म्हणाली. "मस्त जमून राह्यलं. अजून जरा तसंच बोला, ते कृपा करावी वालं."

साहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट सांगता येत नाही. आयुष्यभर शुद्ध लिहिणाऱ्या माणसाची भाषा पहिल्यांदाच इतकी ताबडतोब परिणाम करत होती, तीसुद्धा अशी. पण ते लावत राहिले. दुपारपर्यंत मारेगाव संपलं. मग मुकुटबन.

रहमतमियांनी साहेबांचं सगळं ऐकलं, फोन ठेवला आणि लगेच इकडे लावला. बाईनं वाक्य सुरू केलं, तर त्यांनी मध्येच तोडलं. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"भाभी, ये फोन मैंने लगाया. मैंने लगाया तो न्योता कैसा? मैं क्या माँग के लूँ?"

"अरे रहमत, मेरा फोन बंद पड़ा है बाबा."

"बंद है तो मैं बात किससे कर रहा?" फोन ठेवला.

बाई रिसीव्हर हातात धरून बसली. अफरोजनं गाडी काढून मुकुटबनला जातो म्हटलं, तर तिनं मान हलवली. पोरगा गेला तर अजूनच बिघडेल. इतका वेळ चाललेली गंमत एकदम विरली. आतून रुबीना दारापर्यंत आली, आईकडं पाहिलं आणि परत गेली.

दिल्लीच्या मंजुरीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. मी ती पत्र फाइलला लावताना पाहिली होती आणि साहेबांनीही. आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोललो नव्हतो. तातडीच्या प्रसंगी कंपनीच्या अधिकाऱ्याला ग्राहक माणूस असल्याची स्वतः खात्री पटल्यास, त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर लाइन उघडावी आणि मग कळवावं.

"साहेब, ती शेवटची ओळ," मी म्हणालो.

"माहीत आहे मला."

"मग?"

"खेमसिंगजींना विचारू."

"ते म्हणतीन अधिकारी तुम्ही."

साहेबांनी खिडकीकडं पाहिलं. खिडकीबाहेर मंडपवाला बांबू उतरवत होता. मग त्यांनी फाइलीतून कोरा कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं, खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि मला म्हणाले, "उघड."

"सादर नाही करायचं?"

"उघड म्हटलं ना बाबा."

मी ऑफिसला सांगून नंबर मोकळा केला. हुस्नाबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू काही रहमतमियांना तारेतून दिसणार होता, आणि नंबर लावला. ते पुष्कळ वेळ उचलेनात. घंटा पूर्ण वाजू देत होते. शेवटी उचलला.

"कौन?"

बाईनं आपलं वाक्य म्हटलं. आधी चाललं होतं तसंच, शब्दाला शब्द. फक्त शेवटी 'रखती' म्हणाली नाही.

पलीकडे खोकल्याचा आवाज झाला. "शनिवार को आता," रहमतमियाँ म्हणाले. "वो पहले वाला आदमी कौन था, भाभी? बोली बड़ी साफ थी उसकी. चोर नहीं लगता."

लग्न झालं. रहमतमियाँ वकील म्हणून उभे राहिले, आणि जेवताना साहेबांच्या शेजारी बसून त्यांना आग्रह करकरून वाढत होते. साहेबांनी फक्त जर्दा, म्हणजे गोड केशरी भात खाल्ला, पण तीन वेळा.

पुढच्या आठवड्यात दिल्लीहून नोटीस आली. मंजुरीआधी लाइन का उघडली, कारणे दाखवा. साहेबांना अख्ख्या नोकरीत अशी नोटीस आली नव्हती. काही केलंच नव्हतं तर कारण कोण विचारणार. त्यांनी ती घरी नेऊन बायकोला, म्हणजे रजनीकाकूंना, वाचून दाखवली, मग ऑफिसात आणून खेमसिंगभाऊंना, मग चहावाल्यालाही.

"साहेब, हे काही पेपरात छापून नाही आलं," खेमसिंगभाऊ म्हणाले. "उत्तर लिहा, नाहीतर लायसन जाईन माहं."

साहेबांनी उत्तर लिहून मला टाइप करायला दिलं. मला वाटलं, चार पानं असतील. दोनच ओळी होत्या. सदर ग्राहकास मी त्यांच्या घरी व त्यांच्या मुलीच्या लग्नात प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या माणूस आहेत.

"पुरावा काय जोडायचा?" मी विचारलं.

 "लिही, शंका असल्यास मला फोन करावा," साहेब म्हणाले, आणि खाली स्वतःच्या घरचा नंबर घातला.