हुसेनचाचांबरोबर कारंजा पाहताना

हुसेनचाचा गेल्याचं मला आमच्या कारंजा गावच्या मंगरूळ वेशीजवळ कळलं. शाळा सुटल्यावर घरी निघालो होतो. त्यांच्या दुकानाला फळ्या लावलेल्या दिसल्या, तेव्हा वाटलं, आलं असेल कोणी परगावचं आणि चाचा त्याला गाव दाखवायला गेले असतील. दुकान बंद दिसलं की आम्ही सगळे हेच धरून चालायचो. पण शेजारचा तांबोळी खाली उतरून म्हणाला, "चाचा पाहाटीच गेले, गुरुजी. आत्ताच माती देऊन आलो."

चाचा पिंजारी होते. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा धंदा. आमचा भाजीचा मळा वेशीबाहेर होता आणि त्यांचं दुकान वेशीच्या आत, म्हणून वडिलांशी त्यांची जन्माची दोस्ती. कोणाकडेही पाहुणा आला की चाचा केसांतला कापूस झटकून उठत आणि त्याला चारही वेशी, जैनांच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम, दोन्ही तलाव असं सगळं हिंडवून आणत. त्याबद्दल कोणाकडून चहासुद्धा घेत नसत. मात्र त्यांच्या इतिहासावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. दिल्ली वेस बांधणारा बादशहा दर पाहुण्यागणिक बदलायचा. ऐकणारा जास्त रंगला, तर बादशहाच्या फौजेत हत्तीही वाढायचे.

माझ्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. पहिली बायको गोदा बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. आई तिची लुगडी कोणाला तरी देऊन मोकळी झाली होती. वर्ष उलटल्यावर किन्हीराजा गावाहून एक बागायतदार आपल्या मुलीचं स्थळ घेऊन आपण होऊन आले. त्यांना गोदाचं काही ठाऊक नव्हतं आणि वडिलांनी सांगितलंही नाही. घराला कमनशिबी म्हणतील, ही त्यांना भीती. मलाही त्यांनी तोंड उघडायचं नाही असं बजावलं, आणि पाहुण्यांना गाव दाखवायला चाचांच्या हवाली केलं. सोबत मला पाठवलं.

चाचा त्या दिवशी फार खुशीत होते. किन्हीराजाचा राजा कुठं हरवला, असं त्यांनी पाहुण्यांनाच विचारलं. एका जुन्या हवेलीच्या भिंतीशी नेऊन सांगितलं, की उंटांवरून आलेली कस्तुरी सावकाराने हिच्या चुन्यात कालवली होती, हुंगून पाहा. पाहुण्यांनी पागोटं सांभाळत खरोखरच भिंतीला नाक लावलं आणि वास येतो म्हणाले. मला कित्येक महिन्यांनी हसू आलं.

मग आम्ही ऋषी तलावाच्या काठावर टेकलो. पाण्यावर वारा होता. पाहुण्यांनी तंबाखू मळता मळता सहज विचारलं, "पोरगं गरीब दिसते. याचं हे पयलंच लगन हाये ना?"

मी खाली बघितलं. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाई, पाहुने," ते म्हणाले. "याची एक बायको होती. गोदा. बाळंतपनात गेली. लई गुनाची पोरगी होती. पान्याले जाताना रोज माह्या दुकानापाशी थांबे, चाचा जेवले का म्हनून विचारे."

ते नाव उघड्यावर कोणी घेतलेलं मी वर्षानंतर ऐकत होतो. मला आवरलं नाही. त्या परक्या माणसासमोर मी रडलो… कोणी मला गप्प केलं नाही. पाहुणे उठले, तलावातून ओंजळभर पाणी आणलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

परत आल्यावर वडिलांना सगळं कळलं. ते चाचांकडे असे बघू लागले, की स्थळ गेलंच म्हणून मी समजलो. पण पाहुणे म्हणाले, "माही पोरगी देतो मी. पयलीसाठी रडते, तो दुसरीलेबी जीव लावन." वडील त्यानंतर महिनाभर चाचांशी बोलले नाहीत. लग्नाची गादी भरायची वेळ आली, तेव्हा मात्र स्वतः कापूस घेऊन त्यांच्या दुकानी गेले.

बादशहांच्या बाबतीत एवढ्या थापा मारणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक थाप का मारली नाही, हे मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. चाचा कापूस पिंजायची धुनकी चालवत होते. ती न थांबवता म्हणाले, "बादशा मेले, बेटा. त्याइचं मी काईबी सांगो, त्याइले काय फरक पडते? गोदी तं आपली होती. तिले नव्हतीच कसं म्हनू?"

अनसूया, माझी पत्नी, हे सगळं आपल्या वडिलांकडून ऐकूनच घरात आली. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात. आल्यापासून ती गोदाच्या नावाची घागर स्वतः भरते आणि भरताना नाव मोठ्याने घेते. मुलांनाही मोठी आई म्हणून गोदा माहीत आहे. यंदा अखजीला तिने आणखी एक कोरी घागर आणली. ती देवाजवळ न ठेवता दाराबाहेरच्या ओट्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हाताला येईल अशी ठेवली. ही कोणाची, मी विचारलं.

"चाचाची," ती म्हणाली. "त्याइले एकट्यानं पानी प्यायची आदत नोती."

उन्हाचं कोणी कोणी पिऊन गेलं. दुपार कलायच्या आत घागर रिकामी झाली. अनसूयाने विहिरीवरून पाणी आणून ती पुन्हा भरली.