अर्ध्या सीटवरचा माणूस

दारव्हा-यवतमाळ जीप चालवणारा हा माणूस दर आठवड्याला माझ्याकडे फिजिओथेरपीला यायचा. बाकीचे पेशंट कंबर दाखवताना अख्खा तळवा फिरवतात. हा उजव्या कुल्ल्याच्या वर, कणा आणि कमरेचं हाड जुळतं तिथं, एकच बोट टेकवायचा. "इथंच, मॅडम. दुसरीकडं नाही."

मी दाबून पाहिलं, पाय वाकवून पाहिले, व्यायाम दिले. तो ते इमानदारीनं करायचा. दोन दिवस बरं वाटायचं, मग दुखणं पुन्हा हजर.

"गाडीत कसे बसता?" मी दर वेळी विचारायची.

"बराबर बसतो ना! गाडी चालवणारा मानूस वाकडा कायले बसन?" या प्रश्नाचा त्याला रागही यायचा.

परवा यवतमाळला दिवसभर उभं राहून मी पार थकले होते. परतीला त्याचीच जीप मिळाली, तीही खचाखच भरलेली. मला पाहताच तो दाराकडे सरकला. "या मॅडम, जागा करून राह्यलो."

"तुम्हाला अडचण होईल."

"कायची अडचण? पुढं चौथी सवारी रोजच असते."

मी त्यानं सोडलेल्या जागेत बसले. त्याचं अर्धं अंग सीटवर, अर्धं अधांतरी. कंबर पिळलेली. दारव्ह्यापर्यंत तो तसाच गाडी चालवत होता, आणि मधूनच हात मागे नेऊन तेच बोट तिथंच टेकवत होता.

इतक्या महिन्यांनी दुखण्याचं मूळ सापडलं होतं. मी त्यावरच बसले होते, आणि उतरते म्हणायचं काही माझ्यानं झालं नाही.