बालेकिल्ल्याचा दुसरा तट

दिवाळी लांब होती, तरी इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलमधल्या आमच्या साताऱ्याकडच्या शेजाऱ्याने लॉकडाऊनमध्येच बॅकयार्डात मातीचा किल्ला करायला घेतला. कुंपणापलीकडून रोज विचारायचा, "काय मग, कोणी आलं-गेलं?" आणि उत्तराची वाट न बघता चिखल थापत बसायचा.

घरी पाहुणा आणायला बंदी होती, तरी एकदा माझा मेहुणा गुपचूप मागच्या दाराने जेवायला आला. ते दार फक्त शेजाऱ्याच्या अंगणातून दिसतं. ताटं वाढली आणि पोलीस दारात हजर.

दुसऱ्या दिवशी शेजारी बालेकिल्ल्याभोवती दुसरा तट रचत होता.

"दादा, एवढी तटबंदी कशाला?" मी विचारलं.

"काही उपयोग नाही रे. किल्ले फितुरीनेच पडतात," तो म्हणाला, आणि तटावरचा एकेक मावळा त्याने आमच्या मागच्या दाराकडे तोंड करून उभा केला.