मुख्यालयी राहणारे पांढरीपांडे गुरुजी

पांढरीपांडे गुरुजींचा कशावरच विश्वास नव्हता. घराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायचे आणि बस स्टँडवर आल्यावर मला विचारायचे, "मॅडम, मी कुलूप ओढलं होतं ना?" जशी काही मी त्यांच्या अंगणातच उभी होते. कोणी पेढा पुढे केला तर आधी "कशाचा?" आणि मग "आजच काऊन?" असे दोन प्रश्न झाल्याशिवाय त्यांचा हात पुढे येत नसे.

धामणझरीच्या दोनशिक्षकी शाळेत ते मुख्याध्यापक आणि मी, रीता भोयर, सहायक शिक्षिका. सात वर्षं आम्ही एकाच बसने हिंगणघाटहून वडनेरमार्गे धामणझरीला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. नियमाप्रमाणे शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच राहायला हवं. त्या बसमधल्या आम्हा नऊ शिक्षकांपैकी कोणीच राहत नव्हतं आणि कागदावर सगळेच राहत होतो. त्यासाठी प्रत्येकाने आपापल्या गावात एक खोली दाखवायला घेतलेली. गुरुजींची खोली यशोदाबाईंच्या घरात होती. दाराशी जुन्या चपला, आत एक खाट आणि अंगणात दोरीवर टॉवेल. तो टॉवेल यशोदाबाई रोज सकाळी मुद्दाम भिजवून वाळत घालायच्या. अचानक कोणी साहेब आलाच, तर गुरुजी नुकतेच आंघोळ करून शाळेत गेले असं दिसावं. उन्हाळ्यात टॉवेल लगेच वाळायचा, मग त्या बिचाऱ्या पुन्हा भिजवायच्या.

"तुम्ही अपडाऊन का करता?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "पद्माले खेड्यातलं पाणी मानवत नाई," असं बायकोबद्दल म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. सात वर्षांत त्यांच्या तोंडून घरातली एवढी एकच गोष्ट मला कळली.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर आमच्या बसला कार्ड आलं. आधी पैसे भरून ठेवायचे, कंडक्टरच्या मशीनला कार्ड टेकवायचं की भाडं कापलं जायचं. प्रयोग म्हणून मोजक्याच बसना दिलं होतं आणि रोजच्या प्रवाशांना भाड्यात थोडी सूट होती. आम्ही फटाफट अर्ज भरले. गुरुजींनी अर्ज पुढून वाचला, मागून वाचला, आणि 'नोकरीचे ठिकाण' या रकान्यावर बोट ठेवलं.

"तिकिटावर कधी नाव राह्यते का? कुठी बसलो, कुठी उतरलो, सारं लिहून ठेवते हे. आपल्याच पैशानं आपल्यावर पाळत."

"गुरुजी, तुमच्यावर पाळत ठेवायले कोणाले टाइम नाई," बंडूजी म्हणाले आणि सगळी बस हसली. बंडूजी काकडे वडनेरच्या अलीकडच्या शाळेवर होते. आमच्यात तेच काय ते गुरुजींच्या घरी जाऊन आलेले, कारण गुरुजींच्या स्वरदासाठी समुद्रपूरचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा बंडूजींच्याच मावसबहिणीचा. बोलणी पक्की झाली होती, उन्हाळ्यात लग्न होतं.

गुरुजी रोखीनेच तिकीट काढत राहिले. पण त्यामुळे झालं भलतंच. त्यांच्या एकट्यासाठी कंडक्टर भैय्याजींना जुना तिकिटांचा ट्रे काढावा लागे, आणि सगळी बस मान वळवून बघे. पंधरा दिवसांनी गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, लक्ष तं माझ्याकडंच जाऊन राह्यलं." दुसऱ्या दिवशी त्यांनीही कार्ड घेतलं.

आता आमच्या बसची एक रीत सांगायला हवी. गर्दीत कंडक्टरला मागेपर्यंत येता येत नाही. मग मागचे लोक पैसे पुढच्याच्या हातात देतात, पुढचा त्याच्या पुढच्याच्या, आणि तिकीट, सुट्टे पैसे तसेच हातोहात मागे येतात. आजवर कोणाचा रुपया बुडाल्याचं मी ऐकलं नाही. कार्ड आलं तेव्हाही लोकांनी तेच केलं. सगळी कार्डं निळी, मागे बारीक नंबर, नाव फक्त मशीनच्या पोटात. भैय्याजींच्या हातात एकदम पाचसहा कार्डं यायची, ते टेकवायचे आणि गठ्ठा मागे जायचा. दहाची नोट कोणाचीही चालते, तसंच कार्डही ज्याच्या हाती जे आलं ते त्याने खिशात टाकलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डिसेंबरात एका सोमवारी बस खच्चून भरली होती. उतरताना गुरुजींनी भैय्याजींना शिल्लक विचारली. मशीनने सांगितलेला आकडा ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"पैसे वाढले यातले," शाळेच्या वाटेवर ते मला म्हणाले.

"मग चांगलंच झालं की."

"काऊन वाढवले? आमिष आहे हे, मॅडम." आणि कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात टाकलं.

फेब्रुवारीत आम्हा नऊ जणांना तालुक्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं. टेबलावर आमच्या कार्डांच्या जानेवारीतल्या नोंदींचे कागद पसरलेले होते. साहेबांनी एकेकाचं नाव घेऊन तारखा वाचल्या. सकाळी हिंगणघाट, संध्याकाळी हिंगणघाट. मला तर माझाच आवाज कोणी मला ऐकवतंय असं वाटलं. आठ जणांच्या बदलीचा प्रस्ताव कारंज्याकडच्या गावांसाठी तयार होता, म्हणणं मांडायला आठ दिवस दिले होते. माझी आचल तेव्हा दीड वर्षाची होती. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला तिला कोणाच्या भरवशावर न्यायचं?

शेवटी साहेब म्हणाले, "आणि हे पांढरीपांडे गुरुजी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावातून निघतात, रविवारी संध्याकाळी परत गावात. मधले सगळे दिवस मुख्यालयी. उभे राहा गुरुजी, बघू द्या सगळ्यांना."

गुरुजी उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये त्यांच्यासाठी कोणी जागा धरली नाही. ते चढले की बोलणं थांबायचं. कोणी म्हणालं, यांनीच साहेबांच्या कानाला लागून आपल्याला पकडवलं, म्हणून तर पहिल्या दिवसापासून त्यांना कार्डाचं सगळं माहीत होतं. सगळ्यांत जास्त मीच भडकले होते, कारण रोज त्यांच्या शेजारी मीच बसत होते. शाळेत गेल्या गेल्या मी तोंडावर विचारलं, "गुरुजी, नोंद बदलायला कोणाचे पाय धरले?"

"मलेच समजून नाई राह्यलं, मॅडम. मले कोणी तरी फसवून राह्यलं."

मला ते नाटक वाटलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. एका हातात अर्जाची पावती, दुसऱ्या हातात कार्ड. नंबर वेगवेगळे होते. त्यांनी गावात विचारत विचारत छडा लावला होता. धामणझरीच्या देवकाबाई शनिवारी दुपारी भाजी घेऊन हिंगणघाटला बहिणीकडे जायच्या, रविवारी बाजार करून संध्याकाळी परतायच्या. डिसेंबरात बहीण आजारी पडली म्हणून त्या एकदाच सोमवारी सकाळच्या, म्हणजे आमच्या, बसने आल्या. त्या गर्दीत कार्डांची अदलाबदल झाली. तेव्हापासून गुरुजींच्या नावावर देवकाबाई फिरत होत्या.

"मग साहेबांना सांगा ना," मी म्हणाले. एक क्षणही थांबले नाही मी; एक नोंद खोटी ठरली तर आमच्याही डळमळतील, हे मला लगेच दिसलं होतं.

"सांगतो. पन ते विचारतील, गावात काऊन नाई राह्यत."

"पाणी मानवत नाही म्हणा."

त्यांनी कार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळलं. घंटा झाली आणि ते वर्गात गेले.

आठव्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा त्या खोलीत. देवकाबाईही आल्या होत्या, बाजार बुडाल्यामुळे रागात. दोन्ही कार्डं टेबलावर ठेवून गुरुजींनी सगळं सांगितलं. साहेबांनी आधी आमच्या आठ जणांकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"यांनी दबाव टाकला का तुमच्यावर? स्वतःहून असं कोण सांगतं? या बाईला कोणी शिकवून आणलं?"

"मले कोण शिकवन?" देवकाबाई म्हणाल्या. "माहं कार्ड मले द्या अन् जाऊ द्या."

"बरं, मानलं. मग गावात का राहत नाही तुम्ही?"

बंडूजी गुरुजींच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता पाण्याचं सांगतील, आणि मला त्याची घाईच झाली होती.

"माझ्या घरच्यांना, पद्माले, मिरगी येते, फिट येते," ते म्हणाले. "पहाटे येते. अठरा वर्षं झाली. रात्री त्यांच्याजवळ कोणी लागते. सेवाग्रामचं औषध चालू आहे. खेड्यात घराले घर लागून राह्यते, लपत नाई, म्हणून गावात नेलं नाई. मुलीचं जमवायचं होतं."

साहेबांचा सूर जरा खाली आला. "हे लेखी द्याल?" त्यांनी विचारलं. गुरुजींनी कागद मागून घेतला आणि आपल्या सुंदर अक्षरात सगळं लिहून खाली सही केली.

व्हरांड्यात बंडूजींनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. "गुरुजी, मी काही आयकलंच नाई असं समजा," ते म्हणाले.

"नाई, बंडूजी. तुमीच जाऊन सांगजा समुद्रपूरले. मी आता लपवून थकलो."

बंडूजींनी सांगितलं. समुद्रपूरहून चार ओळींचं पत्र आलं आणि लग्न मोडलं.

कार्यालयाचा निर्णय मार्चमध्ये आला. एक कार्ड दुसऱ्याच्या खिशात असू शकतं तर सगळ्याच नोंदी संशयास्पद, म्हणून आम्हा आठ जणांवरची कारवाई रद्द झाली. आमच्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता. मुख्यालयी राहत नसल्याची लेखी कबुली एकट्या गुरुजींची होती. त्यांची बदली कारंज्याकडे झाली.

आम्ही सगळे हळहळलो. घरचं आजारपण दाखवून अर्ज करा, असं बंडूजींनी सुचवलं. आपणही आठ जणांनी लिहून देऊ की आम्हीसुद्धा राहत नाही, मग एकट्याची बदली कशी करतील, असं मात्र कोणी सुचवलं नाही. मला ते सुचलं होतं. आचलला थोपटता थोपटता सुचलं होतं, आणि मी कूस बदलून झोपले.

त्यांना पोचवायला स्टँडवर मी एकटीच गेले. गुरुजी टपावर सामान चढवून घेत होते. पद्मावहिनींना मी पहिल्यांदाच पाहत होते. गोऱ्या, शांत, कपाळावर जुन्या जखमेची खूण. त्यांनीच माझा हात धरला.

"तुमीच ना रीता मॅडम? हे नेहमी सांगत, मॅडमवर भरवसा ठेवता येते म्हणून. त्या दिवशी साहेबाकडं जायच्या आधी तुमालेच विचारलं त्यायनं. मी म्हटलं, त्यायले विचारा, त्या सांगतील तसं करा."

बस सुटेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.